मोटारइंधन : खनिज तेल व त्याचे पर्याय

मोटारगाडीसाठी वापरली जाणारी पेट्रोल व डिझेल ही खनिज तेलजन्य इंधने आणि त्यांच्याऐवजी वापरता येणारी अन्य इंधने किंवा ऊर्जासाधने. जगातील वाहतुकीला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे नऊ-दशांश ऊर्जा आजही खनिज तेलापासून मिळते. पर्याय माहीत नव्हते म्हणून असे घडले, हा समज बरोबर नाही. वाफेच्या आणि विजेच्या गाड्या पेट्रोलगाडीच्या आधीच रस्त्यावर आल्या होत्या. अल्कोहॉलवरची इंजिनेही फार जुनी आहेत. मात्र एकाच प्रतीचे इंधन बारमाही आणि गावोगाव पोचविणे खनिज तेलाला जेवढे साधले, तेवढे दुसऱ्या कशालाही साधले नाही. पर्यायी इंधनांचा इतिहास हा मुख्यतः पुरवठ्याचा इतिहास आहे. या नोंदीत त्यालाच अधिक जागा दिली आहे.

इतिहास : १८५९ मध्ये एडविन ड्रेक यांनी अमेरिकेतील टिटसव्हिल येथे खनिज तेलाची विहीर खोदली ती दिव्यांच्या रॉकेलसाठी. रॉकेल काढताना निघणाऱ्या हलक्या, भडकणाऱ्या अंशाला फारसे गिऱ्हाईक नव्हते. कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये पेटंट घेतलेली गाडी अशाच हलक्या अंशावर चाले. १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बेर्था दोन मुलांसह मानहाइमहून फोर्ट्सहाइमला याच प्रकारच्या गाडीने निघाल्या, तेव्हा वाटेत वीसलोख गावी त्यांनी लिग्रोइन (खनिज तेलाचा असाच हलका अंश) विकत घेतले ते औषधांच्या दुकानातून.

१९०० मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या ४,१९२ गाड्यांपैकी १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि अवघ्या ९३६ पेट्रोलच्या होत्या. ताशी १०० किमी.चा वेग प्रथम ओलांडला तोही १८९९ मध्ये कामीय जेनात्झी यांच्या विजेवरील गाडीने. पुढच्या पंधरा वर्षांत पारडे फिरले. १९०१ मध्ये टेक्ससमधील स्पिंडलटॉप येथे तेलाचा मोठा साठा लागला; १९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी आली; चार्ल्स केटरिंग यांच्या विद्युत स्टार्टरमुळे १९१२ पासून हँडल मारण्याचा त्रास संपू लागला. विजेच्या गाडीचा सुटसुटीतपणा अशा रीतीने पेट्रोलगाडीला मिळाला, आणि तो मिळाला बॅटरीच्याच मदतीने. १९१३ मध्ये जड तेलाचे रेणू उष्णतेने तोडून जास्त पेट्रोल काढण्याची पद्धत व्यवहारात आली. यानंतर इंजिन पेट्रोलसाठी आणि तेलशुद्धीकरण इंजिनासाठी, असे दोन्ही एकमेकांच्या मापाने घडत गेले.

गुणधर्म : एक लिटर पेट्रोलमध्ये, वीजबिलाच्या भाषेत सांगायचे तर, सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. पंपाच्या नोझलमधून मिनिटाला ३० लिटर पेट्रोल पडत असेल, तर त्या एका मिनिटात २७० युनिट ऊर्जा टाकीत जाते. महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट वापरणाऱ्या घराला ती दोन महिने पुरेल. इंजिन यातील सुमारे तीन-चतुर्थांश उष्णतेच्या रूपाने वाया घालविते, विद्युत मोटर मात्र बहुतेक सगळी वीज गतीत बदलते. तरीही टाकी भरण्याच्या वेगात पेट्रोलची बरोबरी अजून झालेली नाही. वजनाचेही तसेच. किलोभर पेट्रोलमध्ये सुमारे १२ युनिट, तर किलोभर लिथियम-आयन सेलमध्ये सुमारे पाव युनिट ऊर्जा मावते.

इथेनॉल : इथेनॉलचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा जास्त असल्यामुळे इंजिनातील नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठोकठोक) कमी होते. हे १९२० च्या दशकात ठाऊक असूनही त्या कामासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे विषारी संयुग मिसळण्यात आले. त्यामागील हेतूंविषयी मतभेद आहेत. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० मध्ये थांबली.

भारतात पॉवर अल्कोहॉलसाठी, म्हणजे इंधन म्हणून वापरायच्या अल्कोहॉलसाठी, १९४८ मध्येच कायदा झाला होता. २००० मध्ये तो रद्द झाला. दरम्यान प्रवरानगरपासून सुरू झालेल्या सहकारी साखर कारखानदारीने महाराष्ट्रात मळीचे मोठे साठे निर्माण केले, पण त्या मळीवर मद्य आणि औद्योगिक रसायने यांचाही हक्क होता. २००१ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे तीन प्रायोगिक प्रकल्प निघाले. त्यांपैकी मिरज व मनमाड हे दोन महाराष्ट्रात होते, तिसरा उत्तर प्रदेशात. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत व चार केंद्रशासित प्रदेशांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. पुढच्याच वर्षी ऊस कमी पडला, इथेनॉल आटले आणि सक्ती सैल करावी लागली. २०१३-१४ मध्येही देशातील मिश्रणाचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपासच होते. बी हेवी मळी (जास्त साखर राखलेली मळी), उसाचा रस व धान्य यांपासूनच्या इथेनॉलला वेगवेगळे दर मिळू लागल्यावर हे प्रमाण वेगाने वाढले. जून २०२२ मध्ये ते १० टक्के, तर २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोचले.

पाऊस मात्र कोणत्याही धोरणाला बांधील नसतो. २०२३ चा पावसाळा महाराष्ट्रात व कर्नाटकात कमी झाला आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी, गाळप हंगाम सुरू असताना, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास केंद्राने मनाई केली. ती काही दिवसांतच अंशतः शिथिल झाली, तरी नव्या आसवन्यांसाठी कर्जे काढलेल्या कारखान्यांची गणिते विस्कटली. अलीकडे धान्याचा, विशेषतः मक्याचा, वाटा उसापेक्षा मोठा झाला आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानुसार उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे २,८०० लिटरहून अधिक पाणी लागते. दुष्काळी तालुक्यांच्या राज्यात हा आकडा प्रत्येक चर्चेच्या आरंभी यायला हवा.

इथेनॉलच्या एका लिटरमधील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणातून मिळणाऱ्या ऊर्जेत इथेनॉलचा वाटा सुमारे १४ टक्केच भरतो. त्यासाठी न बनविलेल्या चारचाकींचे अ‍ॅव्हरेज ६ ते ७ टक्के घटू शकते, असे उपरोक्त आराखड्यातच नमूद आहे; वाहनधारकांच्या तक्रारी याहून जास्त घटीच्या आहेत. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व वायसर यांवरील परिणामाबद्दल एकमत नाही.

इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळ्यात पंपावरचा माणूस सकाळी जमिनीखालच्या टाकीचे झाकण उघडतो, डिपरॉडच्या टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट फासतो, रॉड तळाला टेकवून वर काढतो आणि पेस्टचा रंग बदलला का ते पाहतो. निव्वळ पेट्रोल असताना पाणी तळाशी वेगळे राही व उपसून टाकता येई. मिश्रणात ते ठरावीक प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉललाच आपल्याबरोबर खाली नेते, वरच्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक उतरतो आणि सगळा साठा बिघडतो. यासाठीच इथेनॉल टँकरने डेपोपर्यंत नेऊन तेथे मिसळतात. तेलवाहिन्यांचे जाळे हाताशी असूनही या इंधनाला त्याचा फारसा उपयोग होत नाही.

ब्राझील : तेलटंचाईनंतर ब्राझीलने १९७५ मध्ये अल्कोहॉल कार्यक्रम हाती घेतला. १९८० च्या दशकाच्या मध्याला तेथील दर दहा नव्या गाड्यांपैकी नऊ निव्वळ इथेनॉलवर चालत. पुढे खनिज तेल स्वस्त झाले, साखरेचा भाव चढला, कारखाने साखरेकडे वळले आणि दशक संपताना पंपांवर अल्कोहॉल मिळेनासे झाले. त्यानंतर काही वर्षांतच अशा गाड्यांची विक्री जवळजवळ थांबली. २००३ पासून दोन्ही इंधने कोणत्याही प्रमाणात चालणाऱ्या फ्लेक्स-फ्युएल गाड्या आल्यावरच ग्राहक परतला. पर्यायी इंधनाच्या अभ्यासकाने सर्वांत आधी अभ्यासावे असे हे उदाहरण आहे.

वीज : लिथियम बॅटरीचे पायाभूत संशोधन १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी एक्सॉन या तेल कंपनीच्याच प्रयोगशाळेत केले, त्यासाठी त्यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. २०२४ मध्ये जगात विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी पाचांतील एकीहून अधिक विजेवर किंवा प्लग-इन संकरित होत्या, नॉर्वेत तर सुमारे ८९ टक्के निव्वळ विजेवर. तथापि गाडी पंधरा-वीस वर्षे वापरात राहत असल्याने रस्त्यावरील एकूण गाड्यांतील त्यांचे प्रमाण २०२४ अखेर सुमारे चार टक्केच होते.

इतर : सीएनजी हेही जीवाश्म इंधनच. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग असताना भारतात कोळशाच्या वायूवर मोटारी चालत. हायड्रोजन ७०० बार दाबाखाली साठवावा लागतो; पंप फार थोडे.