‘तू’ म्हणण्याचा अधिकार कुणाचा?

एकदा भाषांतर झालेलं पुस्तक पुन्हा भाषांतरित कशाला करायचं, हा प्रश्न अभ्यासवर्गात हमखास निघतो. आम्हाला त्याचं उत्तर आधुनिक ज्यू तत्त्वज्ञानाच्या इतिहासात सापडतं.

मार्टिन बूबर यांचं ‘मी आणि तू’ हे छोटं पण अवघड जर्मन पुस्तक १९२३ साली आलं. बूबर सांगतात, माणूस दोन प्रकारे नातं जोडतो. ‘मी-ते’मध्ये समोरचा ही वापरायची, मोजायची वस्तू असते. ‘मी-तू’मध्ये समोरच्याची पूर्णपणे भेट होते. दहा वर्षांनी नाझी सत्तेवर आले आणि त्यांनी अख्ख्या ज्यू समाजालाच ‘ते’ करून टाकलं. १९३८ साली बूबर यांना जर्मनी सोडून जेरुसलेमला जावं लागलं.

त्याआधी, १९३७ साली, रोनाल्ड ग्रेगर स्मिथ यांनी पुस्तक इंग्रजीत आणलं. जर्मन ‘डू’ हा घरातला, जिवलगांचा शब्द. स्मिथ यांनी त्यासाठी ‘दाऊ’ वापरला. पण तो तोवर प्रार्थनेत आणि जुन्या कवितेतच उरला होता. रोजचा माणूस बाजूला पडून देवच जास्त ऐकू येऊ लागला. म्हणून १९७० साली वॉल्टर कॉफमन यांनी नव्या भाषांतरात ‘यू’ घेतला. तेही नाझी जर्मनीतून निसटलेले. पण ‘यू’ आईलाही आणि साहेबालाही! जवळीक पुन्हा निसटलीच.

मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ दोन्ही आहेत, मग काम सोपं? मित्रहो, तसं नाही. पाटलाचं पोर आपल्या म्हाताऱ्या आज्याला ‘तू’ म्हणायचं आणि आजा वाकून जोहार घालायचा. हा ‘तू’ म्हणजे बूबर यांच्या भाषेत शुद्ध ‘ते’! आईच्या तोंडचा ‘तू’ वेगळा. हा फरक शब्दकोशात नाही, आपल्या अनुभवात आहे.

बाबासाहेबांनी अस्पृश्यांवरील एका ग्रंथाच्या नावात ‘घेट्टो’ हा ज्यूंच्या कोंडलेल्या वस्त्यांचा शब्द वापरला. दुसऱ्याच्या दुःखाचा शब्द आपल्या दुःखाला कसा जोडावा, हे त्यांनी दाखवलं. पालीचा शब्दकोशही त्यांनी स्वतः बसून तयार केला.

म्हणून भाषांतर वाचताना विचारा: कुणी केलं, कधी केलं, कुणासाठी केलं? आणि भाषा शिका. आपला ‘तू’ कुठला, हे दुसऱ्याने ठरवू नये.

जय भीम!