मारिओ इतका घाईत का? स्वस्त फोनातल्या सोंगाड्या मशीनची गोष्ट

(भागाचा लिखित उतारा. बोलतानाचे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ थोडे कमी केलेत, बाकी बहुतेक तसंच ठेवलंय.)

मागे लाटांचा आवाज येत असेल तर तो इफेक्ट नाही हां. मी आज गणपतीपुळ्यात आहे, आत्याच्या घरी, पडवीत बसून रेकॉर्ड करतोय. मे महिना, दुपारचे साडेतीन, पंखा फिरतोय पण वारा गरमच. देवळाकडे जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न अधूनमधून येतील, ते सांभाळून घ्या.

आजचा विषय माझा नाही, माझ्या भाच्याचा. आतेबहिणीचा मुलगा, नुकतीच दहावी दिलीय. सुट्टीभर तो फोनवर जुन्या पीएसपीचे गेम खेळतोय. परवा वैतागून माझ्याकडे आला. “मामा, बघ ना. पहिली दहा मिनिटं एकदम मस्त चालतो. मग अडकायला लागतो. फोन खराब झालाय का?” फोन हातात घेतला तर तव्यासारखा तापलेला. म्हटलं जरा गार होऊ दे, तोवर साधं काहीतरी लावू. त्यातच एनईएसचा एम्युलेटर होता, मी मारिओ लावला.

आणि मला काहीतरी खटकलं. मारिओ फार घाईत होता. शेवटची एसटी सुटतेय असा पळत होता. माझ्या लहानपणी तो असा नव्हता. मी भाच्याला तसं म्हटलं, तर तो हसला. “मामा, तू म्हातारा झालास.”

शक्य आहे. पण शोध घ्यायचं ठरवलं. कारण त्याचा फोन गेम हळू चालवतो आणि तोच फोन माझा मारिओ जोरात पळवतो, हे दोन्ही प्रश्न शेवटी एकाच जागी जातात.

आधी माझ्या लहानपणीचं मशीन. निन्टेंडोने जपानमध्ये फॅमिकॉम काढला जुलै 1983 मध्ये. बाहेरच्या जगात त्याचंच नाव एनईएस. आत 1.79 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, कामाची मेमरी 2 किलोबाइट. बरोबर ऐकलंत, किलोबाइट. 1985 चा अख्खा सुपर मारिओ ब्रदर्स 40 किलोबाइटमध्ये बसतो. व्हॉट्सॲपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटो याहून मोठा असतो.

पण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी निन्टेंडो आलाच नाही. आला तो क्लोन. समुराय, मीडिया, लिटल मास्टर, काहींवर तर नावच नाही. आपण त्याला ‘टीव्ही गेम’ म्हणायचो आणि कार्ट्रिजला ‘कॅसेट’. चाललं नाही की कॅसेट काढून फुंकर मारायची. कॅसेटवर लिहिलेलं असायचं 9999999 गेम, आत खरे गेम मोजकेच, बाकी तेच उलटसुलट करून. ती फसवणूक आपण फार प्रेमाने सहन केली!

या क्लोनच्या आत फॅमिकॉमच्या चिपची नक्कल असे. तैवानच्या यूएमसी कंपनीने अशा चिप बनवल्या. पुढे तर सगळं एकाच चिपमध्ये आलं, बोर्डावर नुसता काळा डांबराचा थेंब दिसायचा.

आता मुद्द्याची गोष्ट. जपान-अमेरिकेतल्या टीव्हीवर सेकंदाला साधारण 60 चित्रं यायची. आपल्याकडे पाल पद्धत, म्हणजे सेकंदाला 50. आणि त्या काळचे गेम घड्याळ बघून चालत नव्हते, चित्रं मोजून चालत होते. प्रत्येक चित्राला मारिओ अमुक इतका पुढे सरकणार, एवढंच गेमला कळतं. मग सेकंदाला 60 ऐवजी 50 चित्रं आली की मारिओ सहात एक भागाने हळू.

युरोपात निन्टेंडोने पालसाठी मारिओ वेगळा जुळवून दिला, चाल सुधारून. पण आपल्या कॅसेटमध्ये असायचा तो मूळचा, 60 चित्रं धरून लिहिलेला. आणि पालसाठीचे क्लोन तर आणखी हुशार. त्यांनी प्रोसेसरचा वेग जवळजवळ जपानी फॅमिकॉमइतकाच ठेवला, 1.77 मेगाहर्ट्झ. म्हणजे संगीताचा सूर तोच, लय मात्र संथ. म्हणून आपल्याला कधी कळलंच नाही की काही चुकतंय. अख्खी पिढी संथ मारिओवर वाढली.

आता एम्युलेटरकडे. एम्युलेटर म्हणजे एका मशीनने दुसऱ्याचं सोंग घेणं. ही कल्पना गेमवाल्यांची नाहीच. 1961 मध्ये मुंबईत एस्सो या तेल कंपनीने आयबीएम 1401 बसवला, आपल्या देशातल्या व्यापारी कंपन्यांमधल्या अगदी सुरुवातीच्या संगणकांपैकी तो एक. जगभर हजारो कंपन्यांनी 1401 साठी प्रोग्राम लिहून ठेवले होते. 1964 मध्ये आयबीएमने सिस्टिम 360 ही नवी, आतून पूर्ण वेगळी मशीनं आणली. मग जुने प्रोग्राम फेकायचे? गिऱ्हाईक पळून गेलं असतं. म्हणून 360 च्या काही मॉडेलांमध्ये 1401 चं सोंग घ्यायची सोय दिली. ‘एम्युलेटर’ हा शब्द संगणकाच्या जगात रुळला तो इथून. पगारपत्रकं वाचवायला.

पण सोंग महाग पडतं. फॅमिकॉमची एक सूचना घ्यायची, तिचा अर्थ लावायचा, आपल्या प्रोसेसरच्या भाषेत ते काम करायचं, मग पुढची. एका सूचनेला आपल्या बाजूने दहा-वीस सूचना सहज लागतात. वर चित्राची चिप, आवाजाची चिप, दोघींचं सोंगही यानेच घ्यायचं, आणि सगळं सेकंदाच्या साठाव्या भागात उरकायचं. उशीर झाला की अडकलं.

1997 मध्ये ब्लडलस्ट सॉफ्टवेअर नावाखाली एका अमेरिकन प्रोग्रामरने नेस्टिकल काढला आणि साध्या घरगुती पीसीवर एनईएस पूर्ण वेगात पळू लागला. तो बऱ्याच गोष्टी अंदाजाने उरकायचा. काही गेम बिघडायचे, पण मारिओ पळायचा ना, मग कोण तक्रार करणार!

मला खरं आवडतं ते यानंतरचं, हातात मावणाऱ्या मशीनचं प्रकरण. 2001 मध्ये गेम बॉय ॲडव्हान्स आला, 16.78 मेगाहर्ट्झचा. त्यावर हौशी लोकांनी पॉकेटएनईएस लिहिला. हिशेब करा. फॅमिकॉमच्या एका टिकटिकीमागे ॲडव्हान्सच्या हाताशी नऊ टिकटिकी. त्यात प्रोसेसर, चित्र, आवाज, सगळं. पीसीवरच्या पद्धतीने हे होणारच नव्हतं.

मग त्यांनी काय केलं? एक तर सगळं थेट असेंब्लीमध्ये लिहिलं. दुसरं म्हणजे, फॅमिकॉम चित्र काढतो ते छोट्या ठोकळ्यांमधून, आणि ॲडव्हान्सची चिपही ठोकळ्यांमधूनच काढते. मग ठिपका ठिपका कशाला रंगवायचा? ठोकळे उचलून तिच्याच हवाली केले. आणि तिसरी युक्ती मला सगळ्यात भारी वाटते. मारिओ एका चित्राचं काम संपवतो आणि पुढच्या चित्राची वाट बघत बसतो. वाट बघतो म्हणजे काय करतो? ‘याच ओळीवर परत जा’ ही एकच सूचना, पुन्हा पुन्हा, पुढच्या चित्राचा इशारा येईपर्यंत. प्रामाणिक एम्युलेटर या रिकाम्या फेऱ्याही इमानाने मारत बसतो. पॉकेटएनईएसने ओळखलं की हा नुसता बसलाय, आणि तो वेळ सरळ उडी मारून टाळला. याला स्पीड हॅक म्हणतात. काम न करण्याचं काम तरी कशाला करायचं!

आपल्याकडे हे सगळं पोचलं नोकियामुळे. 2003 चा 6600 आठवतो? गोलमटोल? त्यात 104 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर होता. ब्लूटूथने गेम एकमेकांना पाठवायचे आणि कॉलेजच्या मागच्या बाकावर खेळायचे. तिथे चालायची ती फ्रेमस्किप. दर तीन चित्रांपैकी एकच दाखवायचं, बाकीच्यांचा हिशेब करायचा पण काढायची नाहीत. खेळ वेगात, पण डोळ्याला झटके.

पुढची मोठी उडी 2006 ची. सोनीच्या पीएसपीवर गेम बॉय ॲडव्हान्सचे गेम रडतखडत चालत होते. एक्सोफेज या टोपणनावाच्या प्रोग्रामरने जीपीएसपी लिहिला. त्याची पद्धत अशी: दर वेळी सूचना वाचून अर्थ लावत बसायचं नाही. गेमचा तुकडा पहिल्यांदा समोर आला की त्याचं पीएसपीच्या भाषेत एकदाच भाषांतर करायचं आणि जपून ठेवायचं. पुढच्या वेळी थेट ते भाषांतर चालवायचं. तोच तुकडा सेकंदाला हजारदा येत असेल तर बचत किती, बघा. आज तुमच्या फोनवर पीएसपी किंवा पीएस2 चालतो तो याच तत्त्वावर. आयफोनवाल्यांसाठी टीप: ॲपलने एप्रिल 2024 मध्ये रेट्रो एम्युलेटरना ॲप स्टोअरची दारं उघडली, पण असं चालता चालता भाषांतर करायची मुभा दिली नाही. म्हणून महागड्या फोनवरही जड एम्युलेटर हळू.

सगळेच लोक वेगाच्या मागे नव्हते. बायू नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रोग्रामरने सुपर निन्टेंडोचा बीस्नेस लिहिला, त्यात एकही लबाडी नको असा हट्ट. 2011 मध्ये बायूने लेख लिहून स्वच्छ सांगितलं की असं अचूक सोंग हवं तर 3 गिगाहर्ट्झच्या आसपासचा प्रोसेसर लागतो. मूळ मशीन होतं जेमतेम साडेतीन मेगाहर्ट्झचं! लोक हसले. मला मात्र तो हट्ट पटतो, कारण स्पीड हॅकवर चालणाऱ्या गेमपैकी कुठला, कधी, कुठे बिघडेल ते सांगता येत नाही.

आता भाच्याचा फोन. पीपीएसएसपीपी हा एम्युलेटर 2012 मध्ये हेन्रिक रिडगार्ड या स्वीडिश प्रोग्रामरने आणला. पीएसपीचं मूळ चित्र 480 गुणिले 272. भाच्याने ते तिप्पट करून ठेवलं होतं. दोन्ही बाजूंना तिप्पट, म्हणजे ठिपके नऊपट. वर फोनला जाड कव्हर, चार्जर लावलेला, आणि कोकणातली मेची दुपार. चिप तापली की जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग उतरवते. म्हणून पहिली दहा मिनिटं मस्त आणि मग रड. फोन खराब नव्हता. कव्हर काढलं, चार्जर काढला, चित्र मूळ आकारावर आणलं. सलग दीड तास खेळला, आत्या ओरडेपर्यंत.

त्याला मी एक गोष्ट सांगितली, तुम्हालाही सांगतो. 2010 मध्ये मुंबईच्या ट्राइन गेम्सने स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स हा गल्ली क्रिकेटचा गेम पीएसपी आणि पीएस2 साठी काढला होता. ती मशीनं आता बनत नाहीत. घरातली बिघडली की आपल्या मुंबईत बनलेला गेम बघायचा तर मुख्यतः एम्युलेटरच. आणि एम्युलेटर लिहिणारी माणसं फुकट राबतात हो. पीएस2 चा एथरएसएक्स2 डिसेंबर 2021 मध्ये अँड्रॉइडवर आला, लोकांनी डोक्यावर घेतला, आणि जानेवारी 2023 मध्ये त्याच्या प्रोग्रामरने काम थांबवलं. शिव्या आणि धमक्या येत होत्या म्हणून. ‘माझ्या फोनवर हळू का चालतो’ असं विचारताना हे लक्षात असू द्या. (आणि हो, एम्युलेटर कायदेशीर, पण दुसऱ्याच्या गेमची कॉपी ही वेगळी गोष्ट. मला लिंक मागू नका.)

राहिला माझा मारिओ. आतेबहिणीने माळ्यावरून आमचा जुना टीव्ही गेम काढून दिला. खाऱ्या हवेने कॅसेटच्या पट्ट्या हिरव्या पडलेल्या. खोडरबरने घासल्या, डबा टीव्हीला वायर लावली, चौथ्या प्रयत्नात चित्र आलं. मारिओमध्ये वेळेचा आकडा 400 पासून उतरतो, दर 24 चित्रांना एक. पहिल्या लेव्हलला सुरुवातीलाच मारिओला उभा ठेवला आणि भाच्याने स्टॉपवॉच लावलं. फोनवर वेळ संपली 2 मिनिटं 40 सेकंदांत. माळ्यावरच्या मशीनवर 3 मिनिटं 12 सेकंद. बत्तीस सेकंदांचा फरक! म्हातारा झालो म्हणे.

मग त्याच्या एम्युलेटरमध्ये एक सेटिंग सापडलं, नाव ‘डेंडी’. हा रशियात गाजलेला क्लोन, आपल्यासारखाच पालवाला. ते लावलं. मारिओ शांत झाला, माझा झाला. पण भाचा लगेच म्हणाला, “मामा, हा अडकतोय.” आणि तो बरोबर होता. त्याच्या फोनची स्क्रीन सेकंदाला 60 चित्रं दाखवते, गेम देतो 50. मग दर पाच चित्रांमागे एक चित्र दोनदा दिसतं, सरकणारी जमीन हलकेच उचकी देते. त्याला प्रोसेसर कितीही दमदार द्या, उपयोग नाही. टीव्ही 50 चा होता, फोन 60 चा आहे.

त्याने सेटिंग परत 60 वर नेलं. मी टीव्हीसमोर गेलो. आत्ता तिथे त्याची आई बसलीय, तीस वर्षांनी. आवाज येतोय का आतून? ते संगीत पळायला लागलं बघा. शंभर उरलेत तिचे.