चाप ओढला तीनसाठी

आमच्या रत्नागिरीत बंदूक म्हटलं की दोन प्रकारची माणसं आठवतात. एक, शेतीसंरक्षणाचा परवाना काढलेले बागायतदार, ज्यांचं कायमचं भांडण वानरांशी आणि रानडुकरांशी. दुसरी, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त होऊन गावी परतलेली फौजी मंडळी. बागायतदाराच्या नव्या बंदुकीचा चाप बिघडला तर वाट ठरलेली आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो, तेव्हा बंदूक रिकामी करायची आणि परवाना असलेल्या दुकानात न्यायची. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन घरी बसायचं नाही!

पण सरकारनेच नवी कोरी रायफल हातात दिली, समोर शत्रू आहे आणि चाप सांगितलेलं ऐकत नाही, असं झालं तर? हा प्रश्न काल्पनिक नाही. ती रायफल आपल्या पुण्यात जन्मली.

पाषाणला एआरडीई नावाची डीआरडीओची संस्था आहे. १९८० च्या दशकात लष्कराने ७.६२ मिलिमीटरची जड एसएलआर सोडून ५.५६ च्या हलक्या रायफलीकडे जायचं ठरवलं आणि आराखड्याचं काम या संस्थेकडे आलं. त्यातून तयार झाली इन्सास. उत्पादन इशापूर आणि इतर ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांमध्ये, तर काडतुसं आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती सैनिकांच्या हातात पडली आणि १९९९ मध्ये थेट कारगिलला गेली.

आता थोडं यंत्राबद्दल. एसएलआरचा चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटायची. इन्सासमध्ये एकेक गोळी किंवा तीन गोळ्यांची फेरी, असे दोन पर्याय होते. चाप धरून ठेवला तरी तीन गोळ्यांनंतर बंदूक आपोआप थांबायला हवी. कल्पना चांगलीच होती. व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकांनी एम-१६ मधून सलग गोळीबार करून काडतुसांची नासाडी केली, म्हणून १९८० च्या दशकात त्यांनीही एम-१६ ए-२ मध्ये तीनची मर्यादा घातली. पण याचा अर्थ असा, की चापाच्या यंत्रणेने आता मोजायलाही शिकायला हवं. घोडा अडवणारा एक खटका पुरत नाही. प्रत्येक गोळीला एक घर पुढे सरकणारा, तिसऱ्याला अडवणारा आणि पुन्हा शून्यावर येणारा भाग लागतो. आपल्या भाषेत सांगायचं तर काउंटर. तोही सेकंदाच्या अंशात, धूळ, तेल, काजळी आणि थंडीत चालणारा.

हा काउंटरच चुकायचा. कारगिलनंतर ज्या तक्रारी बाहेर आल्या त्यात ही एक होती: खटका तीनच्या फेरीवर लावलेला असतानाही रायफल सलग सुटते. सोबत आणखीही होत्या. वीस गोळ्यांचं अर्धपारदर्शक प्लास्टिकचं मॅगझिन थंडीत तडकतं, रायफल अडकते, तेल उडून डोळ्यात जातं. वीसच गोळ्यांच्या मॅगझिनमध्ये तीनऐवजी सलग गोळीबार म्हणजे काय, याचा हिशोब करून बघा. दोन-तीन सेकंदात हातात रिकामी बंदूक.

सुधारणा झाल्या, हे नमूद करायलाच हवं. १बी१ ही आवृत्ती आली आणि अनेक वर्षं लष्कराने तीच वापरली. पुढे एक्सकॅलिबर नावाच्या आवृत्तीत तर तीनची फेरी काढून सरळ सलग गोळीबाराचीच सोय दिली गेली. (काउंटर जमत नसेल तर फीचरच काढा, हे आपल्यालाही नवीन नाही!)

पण मला खरी खटकते ती २००५ ची गोष्ट. ऑगस्टमध्ये नेपाळच्या कालिकोट जिल्ह्यात पिली इथल्या तळावर माओवाद्यांनी हल्ला केला आणि त्यात ४३ नेपाळी सैनिक मारले गेले. भारताने पुरवलेल्या इन्सास नीट चालल्या नाहीत, असं नेपाळी सैन्याने जाहीरपणे म्हटलं. भारताकडून उत्तर आलं ते वापर आणि देखभाल नीट नसल्याचं. कदाचित त्यात तथ्यही असेल. पण रात्रभर चाललेल्या लढाईत साफसफाईला उसंत कुठली? तशा परिस्थितीतही चालावी म्हणूनच तर लष्करी रायफल बनवतात. आपल्या ऑफिसातल्या ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ या वाक्याचाच हा मोठा भाऊ, फक्त इथे समोरच्या माणसाचा जीव जातो.

हा आजार आपलाच आहे असंही नाही. अमेरिकेत रेमिंग्टनची मॉडेल ७०० ही शिकारीची रायफल १९६२ पासून लाखोंनी खपली. चापाला हात न लावता ती सुटते, अशा तक्रारी वर्षानुवर्षं येत राहिल्या. चापाचा आराखडा करणाऱ्या माइक वॉकर या इंजिनिअरने १९४८ मध्येच एक सुधारणा सुचवली होती. खर्च होता रायफलीमागे साडेपाच सेंट. ती झाली नाही. कंपनीने दोष कधी मान्य केला नाही, पण २०१४ मध्ये नव्या प्रकारच्या चापाच्या रायफली तिला परत मागवाव्या लागल्या. कारण, जोडणीत वापरलेला चिकट पदार्थ जास्त झाला होता!

दोन्हीकडे तंत्रज्ञान कच्चं होतंच, पण कच्चं तंत्रज्ञान दुरुस्त करता येतं. अडतं ते तक्रारीवर विश्वास ठेवण्यापाशी. अमेरिकेतला गिऱ्हाईक निदान कोर्टात जाऊ शकला. चौकीवरचा शिपाई कुठे जाणार? त्याला रायफल निवडता येत नाही, बदलून मागता येत नाही. तो फक्त आर्मररला सांगू शकतो, आणि ते सांगणं वर पाषाणपर्यंत किती शाबूत पोचतं यावर पुढच्या शिपायाचा जीव अवलंबून असतो.

२०१९ मध्ये लष्कराने ७२,४०० सिग-७१६ रायफली अमेरिकेतून घ्यायचा करार केला, आणि २०२१ मध्ये अमेठीजवळ कोरवा इथे सहा लाखांहून जास्त एके-२०३ बनवण्याचा. म्हणजे पुन्हा नवी रायफल, नवा चाप. बर्फात बसलेल्या शिपायाने पहिली तक्रार केली, की ती ‘हाताळणीची चूक’ या रकान्यात टाकण्याआधी कुणीतरी ती रायफल उघडून बघावी, एवढीच माफक अपेक्षा.