काळे कुंकू

'प्रभात'चा 'कुंकू' १९३७ साली पडद्यावर आला. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर व्ही. शांताराम यांनी काढलेला हा चित्रपट कृष्णधवल आहे. म्हणजे नावातच एक रंग असलेल्या या चित्रपटात तो रंग कुठेच नाही. शांता आपटे यांच्या कपाळावरचा टिळा प्रेक्षकाने मनातल्या मनात लाल करून घेतला, आणि त्यात आपण काही वेगळे करतो आहोत असे कोणाला वाटले नाही. कृष्णधवल चित्रात रंग नसतो, एवढे आपण गृहीत धरलेले असते. पण लाल रंग करड्यात उतरताना काळा होणार की फिकट, हे कोण ठरवते? माझ्या मते महाराष्ट्रातील जुनी छायाचित्रे वाचण्याची किल्ली या प्रश्नात आहे.

हा प्रश्न मला पडला तो पनवेलजवळच्या कोन या गावी. जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगतच्या या गावात एमएमआरडीएने बांधलेल्या इमारतींमधील दोन हजार चारशेहून अधिक घरांची सोडत म्हाडाने डिसेंबर २०१६ मध्ये गिरणी कामगारांसाठी काढली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर विखुरलेली परळ-लालबागची काही कुटुंबे आता या घरांशी जोडली गेली आहेत. त्यांच्याकडच्या ट्रंकांत, देव्हाऱ्यामागे, पिशव्यांत जुने स्टुडिओतले फोटो आहेत. त्यांच्या प्रती करून ठेवण्याचे काम मी गेली दोन वर्षे करतो आहे. त्यासाठी फक्त कृष्णधवलच चित्र घेणारा डिजिटल कॅमेरा वापरतो. एका घरी लुगडे नेसलेल्या, ठळक काळे कुंकू लावलेल्या स्त्रीचा फोटो समोर ठेवून आजी म्हणाल्या, "आमच्या सासूबाई एवढ्या काळ्या नव्हत्या हो. फोटोनं केलं त्यांना काळं." हे म्हणणे शब्दशः खरे असू शकते. ते कसे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मुंबईत छायाचित्रकला फार लवकर रुजली. १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कामात पुढे होते. एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ मध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि तेथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. या पहिल्या पिढीच्या हाती असलेल्या काचांना मुख्यतः निळा-जांभळा प्रकाश कळे. हिरवा जेमतेम आणि लाल मुळीच नाही. त्यामुळे निळे आकाश कागदावर पांढरे उतरे. लाल पगडी आणि कुंकू काळे होई. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवरून परत येणाऱ्या प्रकाशात तांबडा भाग जास्त, निळा कमी. म्हणून चेहरेही प्रत्यक्षापेक्षा गडद येत.

१८७३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान फोगेल यांना आढळले की काचेवरील द्रावणात विशिष्ट रंगद्रव्य मिसळले, तर तिला हिरवा-पिवळा प्रकाशही कळू लागतो. यातून ऑर्थोक्रोमॅटिक काचा आल्या. सर्व रंग जाणणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा १९०६ मध्ये इंग्लंडमध्ये बाजारात आल्या. तरी स्टुडिओवाल्यांनी ऑर्थो चटकन सोडली नाही. कारण व्यवहाराचे होते. जिला लाल कळत नाही ती काच लाल दिव्याच्या उजेडात डोळ्यांनी पाहत धुता येते. पॅनक्रोमॅटिक मात्र जवळजवळ पूर्ण अंधारात, घड्याळ लावून धुवावी लागते. डार्करूममधला तो परिचित लाल दिवा आणि फोटोतले काळे कुंकू यांचे मूळ असे एकच आहे. ज्या आंधळेपणामुळे काच दिव्याखाली सुरक्षित राही, त्याच आंधळेपणाने कुंकू काळे होई. आजींच्या सासूबाईंचा फोटो अशा काचेवर किंवा फिल्मवर काढलेला असेल, तर त्यांचा काळेपणा त्यांचा स्वतःचा नव्हे, त्या रसायनाचा.

डिजिटल युगातही कहाणी कृष्णधवलापासूनच सुरू होते. डिसेंबर १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी जुळवलेला पहिला डिजिटल कॅमेरा शंभर गुणिले शंभर बिंदूंचे कृष्णधवल चित्र घेई आणि ते कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद लावी. सेन्सरला मुळात रंग कळतच नाही. किती प्रकाश पडला, एवढेच तो मोजतो. रंग मिळवण्याची युक्ती कोडॅकच्याच ब्राइस बायर यांची, तिचे पेटंट १९७६ चे. प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवी किंवा निळी बारीक काच बसवायची. त्यात निम्म्या हिरव्या, उरलेल्या लाल आणि निळ्या अर्ध्या-अर्ध्या. म्हणजे आपल्या मोबाइलमधील प्रत्येक बिंदू एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात.

या काचा काढून टाकल्या की अंदाज उरत नाही. तपशील अधिक स्वच्छ येतो आणि काचेत अडणारा प्रकाश वाचल्याने कमी उजेडातही काम होते. कोडॅकने असे काही कॅमेरे पूर्वी काढले होते, पण याची चर्चा खऱ्या अर्थाने सुरू झाली ती २०१२ मध्ये लायकाच्या एम मोनोक्रोमने. मी वापरतो तो पेंटॅक्सचा के-३ मार्क ३ मोनोक्रोम २०२३ मधला. पण या कॅमेऱ्याने छायाचित्रकाराकडून एक सोय काढून घेतली आहे. रंगीत फाइल नंतर कृष्णधवल करताना लाल गडद ठेवायचा की फिकट, हे संगणकावर ठरवता येते. इथे ते बटण दाबण्यापूर्वी, भिंगावर रंगीत फिल्टर चढवून ठरवावे लागते. नंतर बदल नाही. हा निर्णय पुन्हा जुन्या स्टुडिओवाल्याच्या जागी, चित्र घेण्याच्या क्षणाशी येऊन बसला.

कोनच्या त्या घरात गॅलरीच्या उजेडात मी आजींचेच चार फोटो काढले. फिल्टरशिवाय कुंकू त्वचेपेक्षा थोडेसे गडद, मध्यम करडे. लाल फिल्टर लावताच ते कपाळात विरघळले. सवाष्णीचे कपाळ चक्क मोकळे दिसू लागले. हिरव्या फिल्टरने ते ठसठशीत काळे झाले. निळ्याने कुंकू काळे आणि चेहराही सावळा, अगदी सासूबाईंच्या फोटोसारखा. आजी तीच, कुंकू तेच. आजींनी चारही चित्रे पाहून हिरव्याचे निवडले, कारण त्यात कुंकू "असल्यासारखं" दिसते.

इतिहासाच्या अभ्यासकाला हे सोडून चालणार नाही. जुन्या फोटोत कपाळ मोकळे दिसले म्हणून ती स्त्री विधवा, असे ठरवताना फिल्म कोणती होती हे विचारले पाहिजे. मोर्चाच्या फोटोत गडद दिसणारा झेंडा ऑर्थो फिल्मवर लाल असू शकतो, भगवाही असू शकतो. निळा मात्र त्याच फिल्मवर फिकट उतरेल. चेहऱ्याच्या वर्णावरून माणसांबद्दल काही म्हणणे तर त्याहून धोक्याचे.

प्रती करताना हेच ज्ञान उपयोगी पडते. फोटोवर पिवळसर तपकिरी डाग असेल तर त्याच रंगाचा फिल्टर लावावा, डाग कागदात मिसळून जातो. उलट पिवळे पडून पुसट झालेले चित्र निळ्या फिल्टरने पुन्हा उठावदार होते. एक मर्यादाही सांगितली पाहिजे. काही स्टुडिओंत फोटो धुऊन झाल्यावर त्यावर हाताने रंग भरत. साडीला हिरवा, गालांवर गुलाबी आणि कपाळावर कुंच्याच्या टोकाने लाल ठिपका. काचेने काळे केलेले कुंकू कारागिराने असे परत लाल केले. माझा कॅमेरा ते पुन्हा करड्यात ढकलतो. म्हणून अशा फोटोंची, आणि पाठीमागच्या शाईतल्या मजकुराची, प्रत मी साध्या रंगीत कॅमेऱ्याने घेतो.

तेव्हा घरात असे जुने फोटो असतील, तर ते वाचताना काळा रंग काळाच होता असे मानू नये. तो लाल असेल, भगवा असेल, एखाद्या सावळ्या बाईचा उजळ गालही असेल. आणि त्या बाईला पाहिलेले माणूस अजून घरात असेल, तर त्याला आजच विचारून फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवावे. ते कोणताही कॅमेरा नंतर सांगू शकणार नाही.