राजमार्ग सोडल्यावर : परभणीच्या उत्तरेकडील डोंगरांत चार दिवस

चारठाण्याच्या बारवेच्या काठी उभे राहून आम्ही तिघे मित्र तेथील देवकोष्ठे न्याहाळीत होतो. जवळच बसलेल्या एका वृद्ध गृहस्थाने बराच वेळ आमच्याकडे पाहिले आणि अखेर विचारले, "पाव्हणे, तुम्ही कोणत्या खात्याचे?" कोणत्याच खात्याचे नव्हे, असे सांगताच त्याने दुसरा प्रश्न केला, "मग नवस आहे का काही?" नवसही नाही हे ऐकून मात्र तो बुचकळ्यात पडला. उगीच दगड पाहण्यासाठी गाडीभाडे खर्चून कोणी शहाणा मनुष्य येईल, हे त्यास खरे वाटेना.

त्याचा हा गोंधळ निराधार होता असे आम्हांस वाटत नाही. या मुलुखाने आजवर मुख्यतः दोनच प्रकारचे प्रवासी पाहिले. एक, राजाच्या वा सरकारच्या कामानिमित्त येणारा. आणि दुसरा, देवाच्या ओढीने येणारा. केवळ देश पाहावा, तो समजून घ्यावा, एवढ्याच हेतूने येणारा तिसरा प्रवासी येथे विरळा. या तिसऱ्या प्रवाशाचा आमच्या प्रांतातील इतिहास थोडक्यात सांगावा, आणि परभणीच्या उत्तरेस जिंतूरच्या डोंगरांतून आम्ही केलेल्या चार दिवसांच्या सहलीच्या आधाराने त्याचे काम काय हे ठरवावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

देशाटनाची थोरवी आपण लहानपणापासून पाठ म्हणत आलो. तथापि प्रत्यक्षात आपले देशाटन म्हणजे तीर्थाटनच होते. ते तुच्छ मानण्याचे मात्र कारण नाही. महानुभाव पंथीयांनी चक्रधरस्वामींच्या भ्रमणाची स्थळे 'स्थानपोथी'त नोंदवून ठेवली. कोणत्या गावी कोणते देऊळ, त्याचे दार कोणत्या दिशेस, स्वामी नेमके कोठे बसले, इतक्या बारकाईने त्या भक्तांनी हा देश पाहिला. मराठीत स्थलवर्णनाची दृष्टी आली ती अशी भक्तीच्या पोटी. पण भक्त पाहतो ते आपल्या आराध्याच्या पाऊलखुणा. त्या जेथे नाहीत तेथे त्याची नजर सहसा ठरत नाही.

तिसऱ्या प्रकारच्या प्रवाशाचे जुने उदाहरण हवे असेल तर ते फ्रेंच प्रवासी झां द तेव्हनो याचे घेता येईल. हा गृहस्थ व्यापारी नव्हता, धर्मोपदेशक नव्हता, की कोणा राजाचा वकीलही नव्हता. घरचा पैसा आणि जिज्ञासा एवढ्या भांडवलावर तो १६६६ साली सुरतेस उतरला. वेरूळच्या लेण्यांचे वर्णन लिहिणाऱ्या आरंभीच्या युरोपीय लेखकांत त्याची गणना होते. औरंगाबादेहून गोवळकोंड्यास जाताना तो अंबड, आष्टी या मार्गाने आला आणि पुढे नांदेडकडे गेला. त्याच्या वृत्तांतात 'मानोद' आणि 'परबोनी' अशी दोन नावे येतात. फ्रेंच वेष उतरविला की आपले मानवत आणि परभणी त्यांत सहज ओळखू येतात. १६६७ च्या नोव्हेंबरात, परतीच्या वाटेवर, इराणातील मियाना गावी तो वारला. त्याचे वय तेव्हा अवघे ३४ होते. त्याच्या या भारतीय प्रवासाची सुरेंद्रनाथ सेन यांनी संपादिलेली इंग्रजी आवृत्ती १९४९ साली प्रसिद्ध झाली, त्यामुळे आज ती अभ्यासकांस सुलभ आहे.

वेरुळास जो रसिक वाट वाकडी करून गेला, त्याने परभणीचे केवळ नाव टिपून पुढची वाट धरावी, याचे परभणीकरांस वाईट वाटणे स्वाभाविक आहे. पण दोष त्याचा नव्हे, रस्त्याचा आहे. औरंगाबाद-गोवळकोंडा हा राजमार्ग गोदावरी आणि दुधना यांच्या काळ्या, सपाट खोऱ्यातून जाई. येथे धान्य, वैरण आणि पाणी मुबलक. गाडे, उंट, तोफा यांस चढउतार नाही. म्हणूनच सैन्येही येथूनच गेली. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा आणि वऱ्हाडची इमादशाही यांचे ज्या पाथरीवरून हाडवैर जुंपले, ती पाथरी याच पट्ट्यात आहे. निजामशाही घराण्याचे मूळ पुरुष पाथरीचे कुलकर्णी होते, असे फिरिश्ता सांगतो. पूर्वजांच्या गावासाठी बुऱ्हाणाने १५१८ साली पाथरी घेतली. पुढे मोगलांच्या अमलात ती वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे झाली. सारांश, या जिल्ह्याचा लिखित इतिहास हा बहुतांशी त्या एका रस्त्याचा इतिहास आहे.

रस्त्याचे हे वर्चस्व आगगाडीनेही मोडले नाही. १९०० च्या सुमारास निजामच्या राज्यात मनमाड-सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग सुरू झाला, तोही जालना, परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा, नांदेड असाच. म्हणजे तेव्हनोच्या वाटेच्या आगेमागेच. आजही मुंबईचा प्रवासी रात्रीच्या गाडीने हा मुलूख ओलांडतो तो बहुधा झोपेत. खिडकीतून दिसते ती सपाट शेती. मग परभणी जिल्ह्यात डोंगर आहेत हेच पुष्कळांस ठाऊक नसले, तर नवल काय?

डोंगर आहेत, आणि ते दोन्ही बाजूंस आहेत. दक्षिणेस गंगाखेडाच्या पलीकडे बालाघाटाची रांग, आणि उत्तरेस जिंतूर तालुक्यात अजिंठ्याच्या डोंगरांचे पूर्वेकडे उतरत आलेले फाटे. सह्याद्रीची उत्तुंगता येथे शोधू नये. ठेंगण्या, सपाट माथ्याच्या, पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या या टेकड्या आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले, त्यांतील मऊ थर झिजले, कठीण उरले, आणि या पायऱ्या झाल्या. याच काळ्या पाषाणात वेरूळ, अजिंठा कोरले गेले. कॅप्टन सीली नावाचा इंग्रज अधिकारी १८१० साली मुंबईहून घाट चढून, तंबू आणि नोकरचाकर घेऊन, खास वेरूळ पाहावयास गेला. त्याने १८२४ साली छापलेल्या ग्रंथाच्या मथळ्यातच त्या डोंगरास ग्रॅनाइटचा म्हटले आहे! वेरुळाच्या भव्यतेने भारावलेल्या मनुष्यास पायाखालचा दगड कोणता हे कळले नाही. हौशी प्रवाशाने हा धडा विसरू नये.

आता आमच्या सहलीकडे वळू. परभणीहून जिंतूर सुमारे २०-२२ कोस न धरता सरळ ४५ किलोमीटर धरावे, कारण कोसाचे माप गावोगाव निराळे. पहिला दिवस आम्ही चारठाण्यास दिला. जिंतूरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हे गाव यादवकालीन अवशेषांनी भरलेले आहे. गोकुळेश्वराचे देऊळ, त्यापुढील पायऱ्यापायऱ्यांची रेखीव बारव, उंच नक्षीदार स्तंभ, आणि गावात इतस्ततः विखुरलेले शिल्पित दगड. बारव ही नुसती विहीर नव्हे. दुष्काळी प्रदेशात पाणी हेच दैवत, म्हणून त्या दैवतास देवळाइतकेच सौष्ठव दिलेले. पाणी खाली गेले तरी माणसास त्यापर्यंत पोचता यावे, अशी पायऱ्यांची योजना. आणि उतरताना दोन्ही अंगांस देव भेटावेत, अशी कोष्ठांची रचना.

अशा देवळांस आपण सरसकट 'हेमाडपंती' म्हणतो. हेमाद्री हा महादेव (१२६०-१२७१) आणि रामचंद्र (१२७१-१३११) या यादव राजांचा मंत्री. चुन्याविना, दगडात दगड गुंतवून बांधण्याची ही पद्धत त्याच्या पूर्वीपासून चालत होती. तिची कित्येक देवळे त्याच्या जन्मापूर्वीची आहेत. कीर्ती एका मंत्र्याकडे गेली आणि शेकडो पाथरवटांची नावे काळाच्या उदरात गेली. देवगिरीवर १२९६ साली अल्लाउद्दीन चालून आला आणि १३१८ पर्यंत यादवांचे राज्य संपले. त्यानंतर असल्या बांधकामांस राजाश्रय उरला नाही. उरले ते पाथरवटांचे कसब, दगडांत.

दुसऱ्या दिवशी नेमगिरी. जिंतूरपासून सुमारे ३ किलोमीटरवर डोंगरकुशीत ही जैन लेणी आहेत. दारे इतकी ठेंगणी की वाकल्याविना प्रवेश नाही; आणि आत मान वर करून पाहावी अशा तीर्थंकरांच्या मूर्ती. नेमिनाथाची विशाल पद्मासनस्थ मूर्ती, बाहुबली, आणि अल्पशा आधारावर तोललेली म्हणून भाविक जिला 'अंतरिक्ष' म्हणतात ती पार्श्वनाथाची मूर्ती. जिंतूरचे जुने नाव जैनपूर, असे परंपरा सांगते. येथे आमच्या ध्यानी एक गोष्ट आली. सपाटीवरील नगरे प्रत्येक राज्यक्रांतीत बदलली. डोंगरातील ही अंधारी दालने मात्र आपली शांती राखून राहिली. राजमार्गापासून दूर असणे ही जशी उपेक्षा, तसे ते कवचही होय.

तिसरा दिवस पूर्णेच्या काठी, येलदरीस. डोंगरांतून वाट काढणाऱ्या या नदीस १९६८ साली पूर्ण झालेल्या धरणाने अडविले. वर पसरलेला जलाशय पाहताना मन दुभंगते. खाली परभणी-हिंगोलीच्या शेतांस याच पाण्याने ओलावा दिला. आणि याच पाण्याखाली गावे गेली. चारठाण्याची बारव आणि येलदरीचे धरण यांत सातआठ शतकांचे अंतर आहे, पण प्रश्न तोच : पावसाचे चार महिने उरलेल्या आठांस कसे पुरवावेत? इतिहास म्हणजे केवळ राजांची यादी नव्हे, हे या डोंगरात दोन दिवसांच्या अंतराने कळते.

चौथ्या दिवशी आम्ही औंढ्यास पोचलो. डोंगरांच्या कुशीत, भक्कम तटाच्या आत नागनाथाचे देऊळ आहे. खालचा भाग काळ्या पाषाणाचा, शिल्पपट्टांनी नटलेला. वरचा भाग उत्तरकालीन, पांढरा. एकाच देवळाच्या अंगावर भंग आणि जीर्णोद्धार या दोहोंचा इतिहास असा रंगाने लिहिलेला आहे. गाभारा भूमीच्या पोटात, अरुंद पायऱ्यांखाली. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरले आणि नंदी मागे राहिला, ही कथा सर्वश्रुत आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा निराळा झाला आणि औंढा परभणी जिल्ह्यातून गेले. कागदावरची सीमा सरकली. डोंगराची रांग मात्र अखंड आहे.

असो. आता मुख्य मुद्दा. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने अजिंठ्याच्या लेण्यांपाशी पोचला आणि बाहेरच्या जगास त्यांची वार्ता लागली. १८४४ पासून रॉबर्ट गिलने तेथील चित्रांच्या प्रती काढण्यास आरंभ केला. १९१४ साली हैदराबाद संस्थानात पुराणवस्तु खाते निघाले. १९८३ साली अजिंठा आणि वेरूळ जागतिक वारशाच्या यादीत आले. म्हणजे आधी कोणी पाहिले, मग लिहिले, मग चितारले, आणि मग जतन झाले. पाहणे ही जतनाची पहिली पायरी होय. परंतु त्याच स्मिथने दहाव्या लेण्यातील एका प्राचीन चित्रावर आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली, ती आजही दिसते. हौशी प्रवाशाचे पुण्य आणि पाप अशी एकाच भिंतीवर नांदत आहेत.

चारठाण्यास व नेमगिरीस असा लोकसमुदाय लोटावा, अशी आमची इच्छा नाही. पण कोणीच न गेल्यास काय होते, तेही आम्ही पाहिले. ज्या दगडाचे कोणास कौतुक नाही, तो दगड पायात वा बांधावर जातो. त्यात द्वेष नसतो, केवळ अनोळख असते. म्हणून परभणी, सेलू, जिंतूर येथील शिक्षकांनी मुलांस घेऊन, वकील-व्यापाऱ्यांनी घरच्या मंडळींस घेऊन वर्षातून चार दिवस तरी या वाटेने जावे. वही न्यावी, मोजपट्टी न्यावी; खिळा नेऊ नये. गावकऱ्यांशी बोलावे, त्यांच्या कथा जशाच्या तशा टिपाव्या, आणि कथा व प्रमाण यांत भेद राखावा.

निघताना त्या वृद्ध गृहस्थास आम्ही स्तंभावरील एक नक्षी बोटाने दाखविली. तो उठून जवळ आला, डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहत राहिला, आणि म्हणाला की जन्म येथे गेला, पण हे कधी पाहिले नव्हते. आम्ही कोणत्या खात्याचे, हे मग त्याने पुन्हा विचारले नाही.