विवाहसेवा नाकारता येते का? धर्मश्रद्धा, व्यवसाय आणि समतेचा कायदा

होसकोटे (बंगळूरु) : मंगल कार्यालय, केटरर, मंडपवाले, छायाचित्रकार किंवा बँडपथक यांनी धर्माचे अथवा जातीचे कारण पुढे करून एखाद्या कुटुंबाचे लग्नकार्य नाकारल्यास कायदा कोणाच्या बाजूने उभा राहतो? बंगळूरुलगतच्या होसकोटेत असो वा महाराष्ट्रातील खेड्यात, या प्रश्नाचे उत्तर प्रथम राज्यघटनेत शोधावे लागते.

घटनात्मक तरतूद

केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले व सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणी कोणालाही प्रवेश नाकारण्यास अनुच्छेद १५(२) मनाई करतो. हे बंधन खासगी व्यक्तींवरही आहे. ‘दुकान’ या शब्दात केवळ प्रवेश नव्हे, तर तेथे मिळणारी सेवाही अंतर्भूत आहे, असा खुलासा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४८ मध्ये संविधान सभेत केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन प्रकरणात या शब्दाचा असाच व्यापक अर्थ ग्राह्य धरला.

अनुच्छेद २५ धर्मस्वातंत्र्य देतो. मात्र ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या इतर तरतुदींच्या अधीन आहे. त्यामुळे श्रद्धेचा दावा समतेच्या हक्कावर आपोआप मात करीत नाही.

शिक्षेच्या तरतुदी

अस्पृश्यतेच्या कारणावरून वस्तू विकण्यास किंवा सेवा देण्यास नकार देणे हा नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ नुसार गुन्हा असून त्यासाठी एक ते सहा महिने कारावास व दंडाची शिक्षा आहे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालय गृहीत धरते. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना लग्नाची वरात काढण्यास किंवा वरातीत घोड्यावर बसण्यास अटकाव करणे हा २०१६ पासून अत्याचार प्रतिबंधक कायद्यान्वये स्वतंत्र गुन्हा आहे. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू असून त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मर्यादा

खासगी व्यावसायिकांकडून होणाऱ्या सर्व प्रकारच्या भेदभावाला लागू होईल असा एकच सर्वसमावेशक केंद्रीय कायदा देशात नाही. त्यामुळे आंतरधर्मीय जोडप्याला सेवा नाकारली गेल्यास दाद मागण्याची वाट अधिक बिकट ठरते. तृतीयपंथी व्यक्तींना सेवा नाकारण्यास २०१९ चा अधिनियम मनाई करतो. समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. तारीख आधीच आरक्षित असणे किंवा दर न पटणे अशा व्यावसायिक कारणांवरून दिलेला नकार मात्र भेदभाव ठरत नाही.

परदेशातील निवाडे

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये समलिंगी जोडप्याला विवाहाचा केक नाकारणाऱ्या कोलोरॅडोतील बेकरीचालकाच्या बाजूने निकाल दिला. परंतु त्याचा आधार राज्य आयोगाने त्याच्या श्रद्धेविषयी दाखवलेला आकस हा होता. २०२३ मध्ये संकेतस्थळ रचनाकार महिलेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आधार घेतला. स्वतःच्या शब्दांतून वा कलेतून संदेश निर्माण करण्याची सक्ती आणि सर्वांना खुली असलेली सामान्य सेवा यांतील सीमारेषा कोठे आखावी, हाच तेथील वादाचा गाभा आहे. भारतात सभागृह, भोजन वा मंडप यांसारख्या सेवांबाबत आधी विचारला जाणारा प्रश्न वेगळा आहे : नकार ग्राहकाच्या जन्मामुळे किंवा धर्मामुळे दिला गेला का?