चिंचणीचे ठसे : सोन्यावांचून सोनारी

चिंचणी-तारापूर हें जोडनांव आमच्या वाचकांस दोन कारणांनीं परिचित आहे. इ. स. १७३९ च्या जानेवारींत चिमाजी आप्पांच्या फौजेनें तारापूरचा किल्ला फिरंग्यांपासून घेतला व त्या झुंजींत बाजी भिवराव रेठरेकर पडले, हें एक. इ. स. १९५५ मध्यें चिंचणीस ताम्रपट सांपडले, हें दुसरें. डहाणू तालुक्यांतील या किनाऱ्याचें तिसरेंही एक वैशिष्ट्य आहे. त्याकडे अभ्यासकांचें लक्ष कमी गेलें आहे, कारण तें ताम्रावर नव्हे, पोलादावर कोरलेलें आहे. दागिने ज्यांवर उठवितात ते ठसे, ज्यांस धंद्यांतील मंडळी सरसकट 'डाय' म्हणतात, चिंचणी, वरोर, वाढवण वगैरे गांवीं घरोघर कोरले जातात आणि मुंबईच्या झवेरी बाजारांत विकले जातात.

प्रथम ताम्रपटांविषयीं दोन शब्द. शके ८४८ (इ. स. ९२६) च्या राष्ट्रकूट इंद्र तिसरा याच्या काळच्या पटांत संयान मंडलाचा, म्हणजे संजाण प्रांताचा, अधिकारी म्हणून मधुमति ऊर्फ सुगतिप या ताजिक, म्हणजे अरब, गृहस्थाचा उल्लेख आहे. आजचा तलासरी तालुका या संजाणच्या अगदीं लगत. या अधिकाऱ्यानें नद्यांवर फुकट तर चालविली व अन्नसत्र घातलें, असें पट सांगतो. शके ९५६ च्या दुसऱ्या पटांत चामुंडराज नांवाच्या मांडलिकानें मठास एक तेलघाणा दिल्याची नोंद आहे. दिनेशचंद्र सरकार यांनीं 'एपिग्राफिया इंडिका'च्या ३२ व्या खंडांत हे लेख वाचून प्रसिद्ध केले, तेव्हांपासून राजा, मांडलिक, मठ यांची चर्चा पुष्कळ झाली. तीं अक्षरें धातूंत उतरविणारा हात मात्र कोणी विचारांत घेतला नाहीं. तो हात व आजचे चिंचणीचे हात यांस एका वंशवृक्षावर बसविण्याचा मोह आम्हांस नाहीं. हजार वर्षांची पोकळी अभिमानानें भरून काढणें हें संशोधन नव्हे. परंतु एका हाताच्या कामास आपण काचेच्या पेटींत ठेवितों आणि दुसऱ्याच्या कामास भंगाराच्या भावानें जाऊं देतों, हा भेद मात्र खटकतो.

आतां ठशाचें काम कसें चालतें तें पाहूं. पोलादाचा ठोकळा प्रथम तापवून सावकाश निवूं देतात, म्हणजे तो छिनीस वश होतो. तोंड कानशीनें घासून सपाट केलें कीं त्यावर नक्षी आंखावयाची. पुतळी, साजाचें पान, वज्रटिकेचा दाणा, मंगळसूत्राची वाटी, जें दागिन्यांत उंच दिसावयाचें तें ठशांत खोल जातें, आणि जें उजवीकडे तें डावीकडे. कोरणाऱ्यास सारें जग उलटें पाहण्याची संवय करावी लागते. मधून मधून मेण दाबून छाप पाहतात. चूक वेळींच दिसली तर बरें, कारण एकदां अधिक खोल गेलेली छिनी परत वर येत नाहीं. काम पुरें झालें कीं ठोकळा लाल करून एकदम बुडवितात. हें 'पाणी देणें' साधलें तर ठसा टिकाऊ होतो, बिघडलें तर तडकतो व कित्येक दिवसांची मेहनत एका क्षणांत जाते. मग सोनार या ठशावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून दाब देतो. हातानें एकेक पान ठोकीत बसण्याऐवजीं एकाच ठशावर एकसारखीं शेंकडों पानें निघतात, तींही पोकळ व वजनानें हलकीं.

या धंद्याचें खरें मर्म भांडवलांत आहे. दागिन्यांची पेढी घालावयाची तर आधीं सोनें पाहिजे, सोन्यास पैसा पाहिजे, पैशास पत पाहिजे, आणि पत बहुधा वाडवडिलांकडून येते. ठसे कोरणाऱ्यास यांतील कांहींच लागत नाहीं. पोलादाचा तुकडा, छिन्या, हातोडी, कानस, उजेडाची खिडकी आणि चांगली नजर एवढ्यावर तो दागिन्यांच्या व्यापारांत पाऊल ठेवितो. ज्या घरांत गुंजभरही सोनें नाहीं त्या घरांतला मुलगा सोन्याला रूप देतो. प्रथम दुसऱ्याच्या हाताखालीं घासण्याचें काम, पुढें साधी नक्षी, मग स्वतःचा ठसा, आणि शेवटीं वाणगांव किंवा डहाणूरोडची गाडी धरून पिशवींत ठोकळे घेऊन झवेरी बाजारांतील गिऱ्हाइकाकडे जाणें, अशा पायऱ्यांनीं हा धंदा चढतो. आगगाडी नसती तर हें घडतें ना. पोलाद जड असलें तरी शेंकडों तोळ्यांच्या नक्षीचा ऐवज एका पिशवींत मावतो, आणि चोरास त्याचा उपयोग नाहीं! सराफाची रात्रीची झोंप व ठसेवाल्याची झोंप यांत हा मोठाच फरक आहे.

मात्र सोनें घरांत नसलें तरी सोन्याचे कायदे घरांत येतात. इ. स. १९६३ च्या जानेवारींत सुवर्णनियंत्रणाचे नियम लागू होऊन चौदा कॅरटपेक्षां अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. ही मर्यादा १९६६ त उठली, पण १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा १९९० पर्यंत टिकला. देशभर कारागीर सोनारांची अन्नान्नदशा झाली. सोनाराचा ऐरणीवरचा हात थांबला कीं ठशाची मागणी थांबते, हें सांगणें नको. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेनें डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवून मोठ्या कारखान्यांस आळा घातला. घरच्या पडवींत चालणाऱ्या, धूर न ओकणाऱ्या अशा कसबास तेथें जागा राहिली, ही गोष्ट लहान नव्हे. उलट वाढवण बंदरास केंद्रीय मंत्रिमंडळानें १९ जून २०२४ रोजीं ७६,२२० कोटी रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली व ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पायाभरणी झाली. त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्यांत मासेमार व बागायतदार यांच्या बरोबरीनें डाय कोरणारेही होते. शिवाय संगणकावर आंखून यंत्रानें कोरलेले ठसे आतां बाजारांत आले आहेत. जें हातास आठवडा लागे तें यंत्र तासांत करितें.

हा विषय नाणीसंग्राहकांनीं मनावर घेण्याजोगा कां, तें सांगतों. शिवराईचा ठसा नाण्याच्या तुकड्याहून मोठा असे, म्हणून पुरी अक्षरें एका नाण्यावर क्वचितच उतरत. चार नाणीं शेजारीं ठेवून आपण हरवलेला ठसा मनांत उभा करितों. नाणें उरलें, ठसा गेला. दागिन्यांचें याच्या नेमकें उलट आहे. आजीची पुतळ्यांची माळ नातीच्या लग्नांत आटते व तिचा नवा हार होतो. सोन्यासारखा स्वतःचा इतिहास पुसणारा दुसरा पदार्थ नाहीं. तेथें दागिना गेला, ठसा उरला. कोणत्या दशकांत कोणत्या गांवीं कसली नक्षी मागितली जात होती, पुतळीवरील लक्ष्मीचा हात केव्हां बदलला, साजाचें पान केव्हां लहान झालें, याचा मूळ कागद म्हणजे हा ठसाच. आणि तोही सुरक्षित नाहीं. चाल गेलेला ठसा घासून त्याच तोंडावर नवी नक्षी कोरतां येते, जशी जुन्या पोथीची शाई धुवून दुसरी पोथी लिहितात. नाहीं तर तो वजनावर विकला जातो.

संग्राहकांपैकीं कोणी त्या बाजूस गेल्यास त्यांनीं ठसे विकत मागण्याची घाई करूं नये. चालू ठसा हें कारागिराचें पोट आहे. छाप मागावा. ताम्रपटाप्रमाणें शाई लावून कागद दाबण्याची पद्धत येथें कामाची नाहीं, कारण खोलगट भाग कोराच राहतो. मऊ मेण दाबून घ्यावें, त्यावरून प्लास्टरची प्रत करावी, आणि प्रतीच्या पाठीवर गांव, दागिन्याचें स्थानिक नांव, ठोकळ्याची लांबी-रुंदी, तो कोणत्या शहराच्या मागणीवरून कोरला, व कोरणाऱ्याची संमति असल्यास त्याचें नांव, इतकें तेथेंच बसून पेन्सिलीनें लिहावें. घरीं आल्यावर लिहूं म्हटलें कीं वाटी कोणती आणि दाणा कोणता याचा घोटाळा होतो.